चपला बाहेर काढाव्यात

मला बायकांच्या वापरलेल्या चपलांचा वास आवडतो. इतके साधे वाक्य तोंडातून बाहेर पडायला 19 वर्षे लागली, आणि पडले तेव्हाही ते एका अनोळखी डॉक्टरांसमोर, त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत, निम्मे गिळूनच बाहेर पडले. माझे वय आता 43 आहे, नागपुरातच एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी आहे, लग्नाला 14 वर्षे झाली आहेत. गेल्या दोन वर्षांत मी ज्या उपचारांतून गेलो त्यांची ही हकीकत आहे. ती नाव न देता लिहितो आहे, कारण मी या विषयावर मराठीत काही वाचायला शोधत होतो तेव्हा मला एकतर चावट विनोद सापडत किंवा 'विकृती' हा एकच शब्द सापडे, आणि त्या दोन्हींचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

या आवडीची सुरुवात कुठे झाली हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण ती मला कळली ती जागा पक्की आठवते. बी. कॉम. झाल्यावर, वयाच्या 22 व्या वर्षी, मी सीताबर्डीच्या मेन रोडवरील एका चपलांच्या दुकानात आठ महिने काम केले. नव्या चपलेचा वास दुकानभर सारखाच असतो: चिकटवायचे सोल्युशन, रेक्झिन, रबर आणि खोक्यातला तो कुरकुरणारा पातळ कागद. गिऱ्हाइक बाई नवी जोडी घालूनच निघाल्या की जुनी जोडी त्याच खोक्यात ठेवून "ही टाकून द्या" म्हणत, आणि ती मागच्या खोलीत नेऊन टाकण्याचे काम माझ्याकडे असे. त्या जुन्या जोडीचा वास मात्र प्रत्येक वेळी वेगळा असे. घामाने काळपट झालेल्या आतल्या तळावर पाच बोटांचे ठसे उमटलेले असत, चामड्याचा आणि टाल्कम पावडरचा वास एकमेकांत मुरलेला असे, आणि त्या सगळ्याखाली आंबूस असे काहीतरी असे, की ज्याने माझे काळीज धडधडू लागे. इतर पोरे नाक मुरडून खोके लांब धरीत. मी आपणहून ते काम मागून घेऊ लागलो, आणि आपण इतरांसारखे नाही हे त्या मागच्या खोलीत, साठ वॉटच्या दिव्याखाली, मला समजले.

आपल्याकडे ही गोष्ट लपवणे एका अर्थाने फार सोपे आणि दुसऱ्या अर्थाने फार अवघड आहे. पादत्राण उंबरठ्याबाहेर ठेवायचे ही रीत असल्यामुळे बारशाला, सत्यनारायणाला, टेकडीच्या गणपतीला, कुठेही गेले तरी आधी चपलांचा ढीग लागतो. माझ्यासारख्याची परीक्षा घरात शिरण्यापूर्वीच सुरू होते. त्यात आपल्या मनात पायांबद्दल दोन टोके आहेत. पादुकांवर डोके टेकवायचे, पण 'पायातली वहाण पायातच बरी' म्हणायचे. चरणांचे तीर्थ घ्यायचे, पण चपलेचा नुसता हात वर झाला तरी सात पिढ्यांचा अपमान झाला असे मानायचे. मी नेमका या दोन टोकांच्या मधे अडकलो होतो. एका मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत एका तरुणाला फिट आली, लोक गोळा झाले, आणि कोणीतरी ओरडले, "चप्पल हुंगवा, चप्पल!" एका माणसाने स्वतःच्या पायातली काढून त्याच्या नाकाशी धरलीसुद्धा. फिट आलेल्याला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि झटका ओसरेपर्यंत जवळ थांबायचे एवढेच खरे. चपलेने काही होत नाही, झटका आपल्या वेळेने थांबतो. पण मला त्या वेळी हे काहीच सुचले नाही. समाजात चप्पल हुंगायला परवानगी असलेला हा एकमेव प्रसंग समोर घडत होता आणि माझ्या कपाळाला घाम फुटला होता, जणू काही पुढचा इशारा माझ्याकडेच होणार होता.

लग्नानंतर ही आवड कमी होईल असे मी धरून चाललो होतो. ती कमी झाली नाही, फक्त घरातल्या घरात चोरटी झाली. पत्नीच्या चपला मी तिच्या नकळत घेत असे आणि जागेवर ठेवत असे. तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. आमच्या कार्यालयात स्कूटरवरून येणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. नागपूरच्या उन्हात डोळे सोडून सगळे तोंड ओढणीने बांधायचे, हातमोजे घालायचे, पायात बंद बूट किंवा बेली घालायच्या आणि कार्यालयात पोहोचल्यावर हलक्या सपाता चढवायच्या, असा त्यांचा शिरस्ता. बंद जोड्या दिवसभर टेबलाखाली असतात, आणि एकदोघी संध्याकाळी सपातांवरच घरी जात, तेव्हा रात्रभरही तिथेच राहतात.

मार्चअखेरीच्या कामात एका रात्री साडेनऊला मी एकटा उरलो होतो. पुढचे लांबवून सांगत नाही. एका सहकारी बाईंच्या टेबलाशी मी गुडघ्यावर बसलो होतो आणि त्यांची एक बेली माझ्या हातात होती. विसरलेला डबा न्यायला शिपाई परत आला.

"काहून साहेब, काही पडलं का?"

"पेन पडला."

तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "पेन तर तुमच्या खिशालेच आहे."

त्याने नक्की काय पाहिले हे मला आजही माहीत नाही. डबा घेऊन तो निघून गेला, मी बेली जागेवर ठेवली, आणि घरी जाताना छत्रपती चौकात सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी मी गाडी हलवली नाही.

उपचाराचा पहिला मार्ग मी चुकीचाच निवडला. बसस्थानकाजवळच्या भिंतीवर रंगवलेली गुप्तरोगाची जाहिरात पाहून एका इसमाकडे गेलो. मी अडखळत वाक्य जुळवत होतो तोच त्याने 'धातू जातो का' असे विचारले, माझे उत्तर न ऐकता माझ्या नाडीवर बोटे ठेवली आणि 4,500 रुपयांचे चूर्ण हातात दिले. ते मी महिनाभर दुधातून घेतले. पोट तेवढे साफ झाले.

त्यानंतर आमच्या घरच्या डॉक्टरांकडे 'झोप लागत नाही, छातीत धडधडते' एवढेच सांगितले, जे खरेच होते, आणि त्यांनी धंतोलीतील एका मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तिथे खर्चही नगण्य आहे, पण रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही भीती होती. नागपुरात कोणाला वेड्यात काढायचे असले की 'पागलखाना चौकात उतरवून देतो' म्हणतात, आणि हे वाक्य मी स्वतःही मित्रांना कितीदा तरी ऐकवले आहे. धंतोलीचे तसे नाही. तिथे अर्धा विदर्भ गुडघ्यापासून मूतखड्यापर्यंत सगळ्यासाठी येतो, त्यामुळे जिन्यात कोणी भेटलेच तर कोणत्या मजल्यावर निघालात हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या मजल्यावर दवाखान्याच्या काचेच्या दारावर पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात'. दाराशेजारी तीन फळ्यांचे लोखंडी रॅक होते आणि त्यावर सात जोड्या होत्या, त्यांतील चार बायकांच्या. मी ज्यापासून सुटका मागायला आलो होतो ते तिथे माझ्याआधी येऊन, ओळीने लावून ठेवलेले होते. मला हसू आले, आणि नंतर लाज वाटली की अशा वेळीसुद्धा मी जोड्या मोजल्या.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे गृहस्थ. माझे ते अर्धे गिळलेले वाक्य ऐकून त्यांनी चष्मा काढला नाही की भुवई उंचावली नाही, "केव्हापासून?" एवढेच विचारले. मग प्रश्नांची मालिका सुरू झाली. आकर्षण फक्त वस्तूचे आहे की माणसाचेही? त्या वस्तूवाचून पत्नीशी संबंध येऊ शकतो का? कामावर, झोपेवर परिणाम झाला आहे का? आणि सर्वांत शेवटी, आवाज जराही न बदलता: कोणाची वस्तू न विचारता घेतली आहे का? तेव्हा मला शिपाई आठवला आणि मी सगळे सांगितले. सांगून झाल्यावर पहिला प्रश्न मी केला तो हा की, ही फाइल माझ्या कंपनीपर्यंत जाईल का. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 23 व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, असे त्यांनी कलमासकट सांगितले, आणि हिशेबनीस माणसाला कलमाचा आकडा ऐकून जो धीर येतो तो मला आला.

दुसऱ्या भेटीत त्यांनी जे समजावले ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले होते, म्हणून नीट देता येते. या गोष्टीला वैद्यकात फेटिशिझम म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ताईत किंवा जादूटोण्याची वस्तू असा होतो, आणि लैंगिक आकर्षणाच्या संदर्भात तो रुजवला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी, 1887 साली. बुद्धिमापनाच्या चाचणीमुळे ज्यांचे नाव आपण ऐकतो तेच हे बिने. आवड आणि विकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता मानले जाते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जी वर्गवारी काढली, जिला डीएसएम-5 म्हणतात, तिच्यानुसार असे आकर्षण किमान सहा महिने टिकलेले असले आणि त्याने माणसाला लक्षणीय त्रास होत असला किंवा त्याचे व्यवहार बिघडत असले, तरच तो विकार ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या यादीत फेटिशिझम हा स्वतंत्र आजार होता. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतून त्याचे नाव वगळले गेले. हे सांगून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आवडीला त्यांच्या यादीत जागा राहिलेली नाही. तुमच्या चोरटेपणाला मात्र माझ्या यादीत आहे."

हे वाक्य मला झोंबले. मला दोन्ही एकदम माफ करून हवे होते.

आपण एकटेच असे, या समजुतीलाही तिथेच तडा गेला. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये इंटरनेटवरील शेकडो चर्चागट तपासले, तेव्हा अशा आवडींमध्ये पाय आणि पायात घालायच्या वस्तू यांचाच क्रमांक पहिला लागला. याने मला बरे वाटावे की वाईट, हे ठरेना. वीस वर्षे जपलेले गुपित इतके सर्वसाधारण निघावे, यातही थोडा अपमान असतोच.

डॉक्टरांनी चिंतेवर एसएसआरआय गटातील, म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, एक गोळी कमी मात्रेत सुरू केली आणि पुढच्या कामासाठी त्याच मजल्यावर बसणाऱ्या एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बाईंकडे सोपवले. गोळीबद्दल आधीच सांगून टाकतो. तिचा गुण यायला तीनचार आठवडे लागले, छातीतली धडधड थांबली, झोप लागू लागली. त्याचबरोबर कामेच्छाही सरसकट उतरली, चपलांची आणि पत्नीविषयीचीही. हा परिणाम या गोळ्यांचा नेहमीचा आहे आणि त्याची कल्पना मला दिलेली होती, तरी ती सपाट अवस्था मला मानवली नाही. सात महिन्यांनी डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी करत बंद केली. आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नये, हे त्यांनी दोनदा बजावले होते.

या मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे जाताना मला एका गोष्टीची धास्ती होती. जुन्या काळी अशा लोकांना विजेचे झटके देत असत असे मी कुठेतरी वाचले होते, आणि पहिल्याच भेटीत मी तसे विचारले. त्या म्हणाल्या, "द्यायचे ना. विजेचे झटकेही द्यायचे आणि ओकारी आणणारी इंजेक्शनंही." 1956 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका माणसाची केस छापून आली होती, त्याला बायकांच्या हातपिशव्या आणि बाबागाड्या पाहून अनावर होत असे, आणि त्या वस्तू दाखवत त्याला अपोमॉर्फिनची इंजेक्शने देऊन मळमळ आणली जात असे. 1966 मध्ये लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी उलटा प्रयोग केला. तीन अविवाहित तरुणांना बायकांच्या गुडघ्यापर्यंतच्या काळ्या बुटांचे चित्र आणि त्यालगोलग उत्तेजक चित्रे वारंवार दाखवल्यावर, काही दिवसांनी नुसत्या बुटांच्या चित्रानेही त्यांच्या शरीरात प्रतिसाद उमटू लागला. अशी गाठ बसू शकते, एवढे त्यातून दिसले. माझी गाठ चपलांच्या दुकानात बसली असेल का, असे मी उत्साहाने विचारले. "असेल," त्या म्हणाल्या, "पण त्या दुकानात अजून चार पोरं होती ना? त्यांची का नाही बसली?" माझ्या सुबक कहाणीचा धागा त्यांनी तिथेच सोडवून ठेवला.

वासाबद्दल मात्र त्यांनी मला भरभरून सांगितले, आणि तो भाग मला आजही सर्वांत गमतीचा वाटतो. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात, पण त्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. बंद बुटात कातडीवरचे जिवाणू त्या घामातील ल्युसिन नावाच्या घटकावर वाढतात आणि त्यातून आयसोव्हॅलरिक आम्ल तयार होते. मला जे आंबूस वाटायचे ते हेच. काही परदेशी चीजचा उग्र वास पायांच्या वासासारखा का असतो, तर तिथेही पायांवरच्या जिवाणूंचेच भाऊबंद काम करत असतात. म्हणजे युरोपातला माणूस जो वास पैसे देऊन जेवणाच्या टेबलावर मांडतो, त्यासाठी मी टेबलाखाली गुडघ्यावर बसलो होतो. मॅडम यावर मोकळेपणी हसल्या आणि त्यांच्यामागून मीही. या विषयावर कोणाबरोबर हसण्याची माझी ती पहिली वेळ.

वास इतका खोल का जातो, याचेही त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. दिसणे, ऐकणे, स्पर्श यांचे संदेश मेंदूत थॅलेमस नावाच्या चौकीवरून पुढे जातात. वास मात्र ती चौकी टाळून भावना आणि आठवणी जिथे घडतात त्या भागांत जवळजवळ थेट शिरतो. आणखी एक नकाशा त्यांनी काढला, तो मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांच्या कामावरचा. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या कोणत्या अवयवाची संवेदना कुठे नोंदली जाते, याचे आराखडे पेनफील्ड यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यांत पावलांच्या शेजारी जननेंद्रियांची जागा येते. पायांच्या आकर्षणाचे मूळ या शेजारात असू शकेल अशी कल्पना मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी मांडली आहे. मी ती लगेच पकडून बसलो, कारण तिच्यात माझा दोष उरत नव्हता. ही कल्पना आहे, सिद्ध झालेले नाही, असे मॅडमनी बजावले आणि पुढे म्हणाल्या, "आणि शेजारी राहतात म्हणून सगळ्यांचीच लग्नं होत नाहीत."

खरे काम वहीचे होते. इच्छा उफाळली की वेळ, ठिकाण, तीव्रता 0 ते 10 आणि त्याआधीच्या तासाभरात काय घडले, हे चार रकाने भरायचे. मी तर जन्माचा खतावणीवाला, ही वही मी इतकी नेटकी ठेवली की मॅडम म्हणाल्या, "लेखापरीक्षणाला द्यायची नाहीये." सहा आठवड्यांत 31 नोंदी झाल्या. मनाशी मी असे धरले होते की चपला दिसल्या की इच्छा होते. वहीने ते खोटे ठरवले. मेट्रोत सीताबर्डीपासून उज्ज्वलनगरपर्यंत समोर बायकांच्या पायांची रांग असे, तरी तिथल्या नोंदींची तीव्रता तीनच्या वर क्वचितच गेली होती. सात, आठ, नऊचे आकडे पडले होते ते साहेबांनी चारचौघांत बोलल्यावर, महिनाअखेरीला बेरीज न जुळल्यावर, आणि एकदा वडिलांच्या तपासणीचा अहवाल यायचा होता त्या रात्री. इतरांना चहा लागतो, तंबाखू लागतो. मला हे लागत होते. आवड तिच्या जागी होतीच, पण तिच्यावर मी भलतेच ओझे लादून ठेवले होते.

त्यानंतरचा सराव कंटाळवाणा होता. इच्छा उठली की जागेवरून हलायचे नाही, घड्याळ लावायचे, श्वास मोजायचा आणि आकडा चढतो कसा, उतरतो कसा हे बघायचे. पहिल्यांदा नऊचा आकडा उतरायला 25 मिनिटे लागली आणि त्यांतली पहिली दहा मिनिटे जीव नकोसा झाला. पुढे दवाखान्याच्या त्या लोखंडी रॅकसमोरच उभे राहून मी हे करत असे. फळीवर कोणती जोडी आहे, टाच कुठे झिजली आहे, पट्टा कुठे उसवला आहे हे मनात म्हणायचे आणि आत जायचे. कधी जमले, कधी जमले नाही. पावसाळ्यात, चामडे दमट होऊन वास दाटून राहतो तेव्हा, दोन महिने जवळजवळ काहीच जमले नाही आणि मी तीन भेटी बुडवल्या.

त्या सहकारी बाईंचा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. त्यांना जाऊन सगळे सांगावे आणि माफी मागावी, असे माझ्या मनात होते. मॅडमनी विचारले, "सांगितल्यावर कोणाचं ओझं हलकं होईल?" उत्तर उघड होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. मी सांगितले असते तर रोज टेबलाशी बसताना त्या टेबलाखाली वाकून पाहत राहिल्या असत्या. पण त्यांना ठाऊक नव्हते म्हणून मी काही केलेच नव्हते, असेही होत नाही, आणि या दुसऱ्या अर्ध्यावरून मॅडमनी मला सुटू दिले नाही. सातनंतर कार्यालयात एकट्याने थांबायचे नाही असे मी ठरवले, साहेबांना सांगून माझे टेबल वरच्या मजल्यावर, भांडाराशेजारी हलवून घेतले, आणि हे दोन्ही आजतागायत पाळले आहे. याने फिटते का, हे मला सांगता येत नाही.

पत्नीला सांगायला मला पाच महिने लागले. एका रविवारी, तर्री-पोहे खाऊन झाल्यावर, मॅडमबरोबर तयार केलेली चार वाक्ये मी तिला म्हणून दाखवली. ती रडेल किंवा ओरडेल, अशी माझी दोन्ही बाजूंनी तयारी होती. ती बराच वेळ ताटलीतला चमचा एका दिशेने फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "माझी ती तपकिरी सँडल. टाच निघाली म्हणून तुम्ही मोच्याकडे नेली होती. चार दिवस तो दुकान लावतच नव्हता म्हणाले."

मी मान खाली घातली.

"मी अमरावतीला भावाच्या साखरपुड्याला रबरी चपलेवर गेली होती. पैठणीवर. मावशीनं चारचौघांत विचारलं मला, काय गं, नवरा चप्पलही घेऊन देत नाही का? आणि ती सँडल तुमच्या गाडीच्या डिक्कीत होती?"

होती. त्या क्षणापर्यंत मला वाटत होते की तिला किळस येईल, आणि किळस थोडी आलीही. पण तिला लागले होते ते रबरी चपलेचे. माझ्या आवडीवर ती दहा मिनिटे बोलली असेल, खोटे बोलण्यावर पुढचे दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत तिने स्वतःच्या सगळ्या जोड्या दिवाणाखालच्या पेटीत ठेवून कुलूप लावले होते, आणि मी ते योग्यच मानले.

पुढच्या दोन भेटींना ती माझ्याबरोबर आली. नियम तिनेच घातले आणि मॅडमनी ते कागदावर मांडून दिले. तिची वस्तू, तिला विचारून. ती नाही म्हणाली तर कारण विचारायचे नाही. बहीण, वहिनी, पाहुणी, मोलकरीण यांच्या चपलांना हात लावायचा नाही, दारातून उचलून बाजूला ठेवायलासुद्धा नाही. शेवटचे वाक्य तिचे होते: "आणि मला हे आवडलंच पाहिजे असं नाही." आवडत नाहीच तिला. ती स्वच्छतेची मोठी भोक्ती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की घरातली यच्चयावत पादत्राणे गच्चीवर उन्हात पालथी घालते, पावडर मारते आणि वासाचा मागमूस ठेवत नाही. मी काही बोलत नाही, पण माझा चेहरा तिला वाचता येतो, आणि अलीकडे एखादी जोडी ती उन्हात घालायची विसरते. 2025 मध्ये बुटांच्या रॅकमधल्या दुर्गंधीवर काम करणाऱ्या दोन भारतीयांना इग्नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले, तेव्हा ती बातमी तिनेच मला कार्यालयात फोनवर पाठवली, खाली एक शब्दही न लिहिता.

मॅडमकडे आता तीन महिन्यांतून एकदा जातो. वही चालू आहे; मागच्या तिमाहीत सातच्या वरच्या दोन नोंदी आहेत, दोन्ही वडिलांच्या दवाखान्यातल्या.

मागच्या शनिवारी तपकिरी सँडलची टाच पुन्हा निघाली. तिने ती कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतले. मनीषनगरच्या कोपऱ्यावरचा मोची जागेवर होता. त्याने सँडल पालथी घालून ऐरणीवर बसवली, जुने खिळे पकडीने उपटले, टाचेचा नवा तुकडा कापून चिकटवला, चार खिळे ठोकले आणि विचारले, "पट्टाही उसवून राहिला, शिवून देऊ?" मी हो म्हणालो आणि त्याच्या फळकुटावर बसून राहिलो. वीस मिनिटे लागली, साठ रुपये झाले. घरी पोहोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. तिने पिशवी घेतली, आधी घड्याळाकडे पाहिले आणि मग टाचेकडे.